क्षार म्हणजे मीठ

मुळगाव, डिचोली
१२ सप्टेंबर २०२४

चि. रुद्रेश,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते घे. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून टाकून द्यावंसं वाटलं तर निदान वाचून टाक. न वाचता टाकलंस तर मला कळणार नाही, पण तुला कळेल.

चवथीला यंदा आला नाहीस. गुजरातेत नव्या जागी रजा मिळत नाही, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी ते खरं मानल्यासारखं केलं. तुझ्या वाटच्या नेवऱ्या चार दिवस डब्यात राहिल्या, मऊ पडल्या, मग शेजारी दिल्या. तिकडे मोठं पद मिळालं म्हणे. गोदामात अपघात झाल्यावर सहा आठवड्यांत बढती मिळालेला माझ्या ओळखीत तू पहिलाच.

विसर्जन झाल्यावर मी चोपड्याला सगुणकडे गेले होते. तुझ्याच वर्गातला, तुझ्याच बाकावरचा आणि परवापर्यंत तुझ्याच गोदामात हमाली करणारा सगुण. नववी-दहावी दोन वर्षं तुम्ही एका बाकावर बसलात. त्याच्या डब्यातली भाकरी तू खाल्लीस आणि तुझ्या विज्ञानाच्या वहीवरून त्याने उतरवून काढलं. आता तो दिवसभर जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात बसून असतो. डावा डोळा गेलाच. उजव्याला उजेड आणि काळोख एवढाच फरक कळतो. माझा आवाज ऐकून तो उठला.

"बाई? विनिता, बाईंक कदेल दी गो."

बायकोने खुर्ची आणली. मी बसेपर्यंत तो उभाच राहिला. शाळेतही असाच उभा राहायचा. मी बसल्याशिवाय खाली बसायचा नाही, मग उत्तर येत असो वा नसो.

त्याची मुलगी तनया अकरावीला आहे, विज्ञान शाखेत. तिने कपाटातून एक कागद काढून मला वाचायला दिला. चौकशीसाठी कंपनीने दाखल केलेला तुझा जबाब. खाली तुझी वळणदार सही. ती गिरवायला तुला मीच शिकवलं. त्यातलं चौथं वाक्य मी दोनदा वाचलं: 'ड्रमवर फलक स्पष्ट होता, सदर कामगाराने फलक न वाचता ड्रम उघडला.'

"मी वाचूक नाय म्हणान लिवलां ना तेणी?" सगुण म्हणाला. "बाई, मी वाचलंय. वाचलंय म्हणानच तर चष्मो काडून ठेवलंय."

एवढंच बोलला. तुला त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी काय मागते आहे ते सरळ लिहिते. जबाबातला तो 'न' काढ. चौकशी अधिकाऱ्यांना कळव की कामगाराने फलक वाचला होता आणि त्यावरचा शब्द त्याच्या शाळेच्या भाषेत भलत्याच अर्थाचा होता. हे तुला कुणी समजावून सांगायला नको. गोदामातले बहुतेक कामगार उत्तरेकडचे, म्हणून तू ड्रमांवर हिंदीत चिठ्ठ्या लावल्यास. कॉस्टिक सोड्याच्या ड्रमवर लिहिलंस 'क्षार'. हिंदीत क्षार म्हणजे असलाच जळजळीत पदार्थ, आपण ज्याला आम्लारी म्हणतो तो. आणि आपल्या मराठी पुस्तकात क्षार म्हणजे मीठ. तुम्ही दोघं एकाच पुस्तकातून शिकलात. त्या शाळेतला मराठी माध्यमाचा शेवटचा वर्ग तुमचा.

सुनावणी बारा नोव्हेंबरला आहे. वेळ भरपूर आहे.

तुझी मावशी,
सत्यवती


मुळगाव
२९ सप्टेंबर २०२४

चि. रुद्रेश,

उत्तर पोचलं. सात ओळी, टाइप केलेल्या, आणि वर 'आदरणीय'. आई गेल्यावर सातव्या वर्षापासून जो माझ्या ताटाशेजारी जेवला तो मला आदरणीय लिहितो, तेव्हा ते आधी वकिलाने वाचलेलं असतं. शाळेत बाई आणि घरी मावशी, एवढी दोनच नावं मला पुरत होती.

तू विचारतोस, ज्याच्या बापाने जन्मभर आगरवाड्याच्या मिठागरात फळी ओढली त्याला मीठ ओळखता येत नाही का. प्रश्न हुशार आहे. उत्तरही ऐक, कारण त्या दिवशी तू तुझ्या थंड खोलीत होतास.

नऊ जुलै. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा जडपणा काढायच्या टाकीत रोज मीठ घालावं लागतं. तिथला नेहमीचा माणूस रजेवर होता म्हणून सगुणला पाठवलं. एरवी मिठाची पोती टाकीजवळच पडलेली असतात, ती कुणाला वाचावी लागत नाहीत. पावसात मीठ पाझरतं म्हणून तुझ्या माणसांनी ते निळ्या ड्रमात भरून गोदामात ठेवलं होतं. शेजारी तसाच निळा ड्रम कॉस्टिकचा. एकावर 'लवण', दुसऱ्यावर 'क्षार'. दोन्हींच्या खाली बारीक अक्षरात 'सावधान', पण सावधान तर तुम्ही साबणाच्या ड्रमवरही चिकटवलं होतं. लवण हा शब्द सगुणने आयुष्यात फक्त पोटदुखीच्या चूर्णाच्या बाटलीवर पाहिलेला. त्याला ते कसलं तरी औषध वाटलं. क्षार मात्र त्याला पक्का ठाऊक होता.

झाकण काढलं तर आत पांढरे दाणे, जाड्या मिठाएवढे. चिमटीत धरले असते तर त्याला तिथेच कळलं असतं, कारण मीठ बोटांत खरखरतं आणि कॉस्टिक घामाने बुळबुळीत होतं. पण हातांत मोजे होते, तुमच्या नियमाप्रमाणे. नियम पाळला म्हणून हात वाचले आणि त्याच मोज्यांमुळे मीठ ओळखता आलं नाही. संरक्षक चष्म्याचा नियम जळजळीत मालासाठी होता. मिठासाठी कोण चष्मा घालतं? काचांवर वाफ धरत होती, म्हणून त्याने तो काढून खिळ्याला लावला. मीठ लवकर विरघळावं म्हणून टाकीत कढत पाणी सोडलेलं असतं. त्यात त्याने बालदीभर दाणे ओतले. कढत पाण्यात कॉस्टिक पडलं की ते सगळं उसळून तोंडावर येतं, हे मी तुला सांगायला नको.

पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल. तो ओरडला ते "मीठ गेला डोळ्यांत" असं. मीठच ना, म्हणून कुणी धावलं नाही. एकाने ओल्या फडक्याने तोंड पुसलं, दुसरा हसलासुद्धा. दहा-बारा मिनिटांनी कुणीतरी ड्रमकडे पाहिलं आणि मग त्याला नळाखाली नेलं. आम्ल पडलं तर वरचा थर जाळून तिथे थोडं अडतं. कॉस्टिक अडत नाही, चरबीचा साबण करत आत शिरत राहतं. त्या दहा मिनिटांनी त्याचे डोळे नेले. एका शब्दाने त्याला दोनदा फसवलं, एकदा ओतताना आणि एकदा ओरडताना.

नववीत मी तुम्हाला अणूंचे बंध शिकवले ते आठवतं? शाळेच्या अंगणात चुन्याने वर्तुळं आखली होती, प्रत्येकी तीन. सगुणला सोडियम केलं: आतल्या वर्तुळात दोन काजूबिया, मधल्यात आठ, बाहेरच्यात एक. तू क्लोरीन: दोन, आठ, सात. तुला आठ पुरे व्हायला एक कमी आणि त्याच्याकडे ती एकच जास्तीची. मी म्हटलं, सोडियमने आपला इलेक्ट्रॉन द्यायचा, क्लोरीनने घ्यायचा, की दोघे एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचं मीठ होतं. सगुणने विचारलं, "बाई, दिल्यार माका काय गावता?" मी म्हटलं, स्थैर्य. सगळा वर्ग हसला. मग मी फळ्यावर लिहिलं की देणारा धन होतो आणि घेणारा ऋण. ती बी तू मधल्या सुट्टीत भाजून खाल्लीस.

तेव्हा मला ते गंमतीचं वाटलं होतं. आता तू लिहितोस, 'त्याच्या कुटुंबाबद्दल मला सहानुभूती आहे.' सहानुभूती ठेव तुझ्याकडे. त्याला तो 'न' खोडलेला हवा आहे. माणूस आंधळा झाला, ते त्याने गिळलं. आपण निष्काळजी होतो असं मुलीच्या देखत सरकारी कागदावर राहावं, हे त्याला गिळता येत नाही. विनिता सांगते, तो रोज तिला तो जबाब वाचायला लावतो आणि चौथं वाक्य आलं की हात वर करून थांबवतो.

मावशी


मुळगाव
२० ऑक्टोबर २०२४

रुद्रेश,

या वेळी हाताने लिहिलंस, म्हणजे वकिलाला दाखवलं नाहीस. बरं वाटलं, आणि पुढे वाचून ते बरं वाटणं गेलं.

तू लिहितोस, 'तो शब्द मला कुणी दिला हे तुम्ही आठवा आणि मग मला न्याय शिकवा.' महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशीच्या फोनचा उल्लेख केला आहेस. मला असा फोन आठवत नाही. माझं वय अडुसष्ट आहे आणि तू मला वर्षाला शंभर फोन करायचास, अर्थात करत होतास तेव्हा. शब्दकोश बाजारात मिळतात. गोदामाचा प्रमुख तू होतास, चिठ्ठ्या तू छापल्यास, सही तुझी आहे.

आता महत्त्वाचं. तनया गेल्या रविवारी बसने एकटी माझ्याकडे आली. तिचं सगळं शिक्षण पाचवीपासून इंग्रजीत. तिला बेस आणि सॉल्ट कळतं, आम्लारी आणि क्षार हे शब्द तिने कधी ऐकलेले नाहीत. "बाई, बाबा म्हणता तां खरां असां म्हणान दाखवूक पुस्तक व्हया," ती म्हणाली. कंपनीचा वकील म्हणे विचारणार, क्षार म्हणजे मीठ हे कुठल्या देशात. मी माळ्यावरची पेटी काढून दिली. त्यात तुमच्या वर्गाचं जुनं पुस्तक सापडलं, वाळवीने कडा खाल्लेलं, पण ते पान शाबूत होतं: आम्ल अधिक आम्लारी, बरोबर क्षार अधिक पाणी. खाली उदाहरण, साधं मीठ. पोरीने त्याचा फोटो काढला.

मग तिने मला विचारलं की सोडियम दोन्हीत तोच असून एक आमटीत चालतं आणि दुसरं डोळे जाळतं, हे कसं. मी तिला समजावून सांगितलं. मिठात सोडियमने आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिलेला असतो. कॉस्टिकमध्ये ऑक्सिजन आणि हायड्रोजन आधी आपापसांत वाटून घेतात, एकमेकांना घट्ट धरतात, आणि मग दोघं मिळून सोडियमचा एक घेतात. पाण्यात पडलं की ती जोडी सोडियमपासून सुटते आणि जे समोर येईल ते जाळत जाते. सांगता सांगता मला तू आणि तुझी कंपनी दिसलात. आधी आपापसांत जबाब वाटून घेतलात आणि मग दोघांनी मिळून त्या एकट्याकडचं होतं नव्हतं ते घेतलंत. मुलीला मी हे बोलले नाही. तिला गुण मिळवायचे आहेत.

पेटीत माझी निळी वही होती. तुला ठाऊक आहे ती. सीमेपलीकडे गेले की अर्थ बदलतात अशा शब्दांची. पहिल्या पानावर 'शिक्षा', आपल्याकडे छडी आणि हिंदीत शिक्षण. ते वाचून दरवर्षी वर्ग हसायचा. दुसऱ्यावर 'अणू': आपला अणू तो त्यांचा परमाणू, आणि त्यांचा अणू तो आपला रेणू. तनया पानं उलटत गेली आणि एका पानावर थांबली. मला न बघताही कळलं कुठलं ते.

"बाई," ती म्हणाली, "तुमका ह्यां आदीच म्हायत होतां?"

मी म्हटलं, बाईंना सगळंच माहीत असावं लागतं, त्याचाच पगार मिळतो. ती हसली नाही. वही मिटून जिथून घेतली तिथे ठेवली, आणि बसला उशीर होईल म्हणून चहा न घेता गेली.

तू ते पत्र लिही. मी पुन्हा विनवणार नाही.

सत्यवती मावशी


मुळगाव
४ नोव्हेंबर २०२४

रुद्रेश,

दिवाळी झाली. नरकासुर जाळताना पोरांनी एवढे फटाके लावले की कुत्रं माझ्या कॉटखाली येऊन बसलं. तुझं काही आलं नाही. मी वाट पाहिली, हे कबूल करते. आणि कबूल करायलाच बसले आहे तर उरलेलंही लिहून टाकते.

मला तो फोन आठवतो. सात मार्च, गुरुवार. मी कुळथाचं सार फोडणीला टाकत होते. तू विचारलंस, "मावशी, बेस म्हणजे हिंदीत काय गो?" मी वही बघितलीसुद्धा नाही. म्हटलं, "क्षार. नि सॉल्ट म्हणजे लवण. नेमका आपल्या उलट. सांभाळ हां, आपलो सगुण वाचीत नि आमटीत घालीत."

आणि मी हसले. तूही हसलास. मग मी विचारलं, जेवलास का.

नऊ जुलैपासून मी त्यातला 'सांभाळ' तेवढा धरून बसले आहे. मी तर सावध केलं होतं, असं स्वतःला सांगत आले. पण ते सावध करणं नव्हतं. सावध करायचं असतं तर सार उतरवून ठेवून मी तुला बजावलं असतं की हा शब्द लिहू नकोस, मराठी शाळेतला माणूस फसेल, सरळ कॉस्टिक सोडा लिही, तो सगळ्यांना कळतो. मला ते त्या क्षणी दिसलं होतं. माणसाच्या नावासकट दिसलं होतं, आणि मी त्याचा विनोद केला, कारण मला शब्दांची ती गंमत आवडते आणि सगुण हा तीस वर्षं आपल्या घरातला विनोद होता. तुझ्या गोदामात त्याला चिकटवायला मीच तुझ्याकडे शब्द टाकला होता. तो तिथे आहे हे मला सकाळ-संध्याकाळ ठाऊक होतं.

आई-वडिलांनी माझं नाव सत्यवती ठेवलं, आणि पैकीच्या पैकी मार्कांचं उत्तर येत असून मी कोरा पेपर दिला. गेल्या पत्रात तुला लिहिलं की आठवत नाही. त्या पोरीला पगाराची कोटी ऐकवली. तीन पत्रं मी तुला 'न' काढ म्हणून झोडपते आहे आणि माझा स्वतःचा शब्द खिशात लपवून ठेवला आहे. तू मला लबाड म्हणालास तर बरोबर म्हणशील. पण तू खोटी सही केलीस, ती माझ्या लबाडीने खरी होत नाही.

आणखी एक दुरुस्ती, बाई म्हणून. अंगणात मी तुम्हा दोघांना जोडीने उभं केलं ते चुकलं होतं. मिठाला रेणू नसतो. एका सोडियमच्या अवतीभवती सहा क्लोरीन असतात आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. कोण कुणाचा, अशी जोडी लावता येत नाही. सगुणला एकट्या तुझ्याशी जोडून मी बाजूला उभी राहिले, ते सोयीचं होतं म्हणून.

बारा तारखेला मी जाणार आहे. फोनचं सांगणार आहे, तुझ्या नावासकट आणि माझ्या हसण्यासकट. ऐन वेळी कळून तू चिडू नयेस म्हणून आधी कळवते. तू आलास आणि स्वतः बोललास तर तुला ते माझ्या तोंडून ऐकावं लागणार नाही. घरात तुझी खोली झाडून ठेवली आहे. पाव घेऊन येणाऱ्या पदेराला सांगून ठेवलं आहे की बारा तारखेला दोन पोया जास्त टाक.

मावशी


मुळगाव
१३ नोव्हेंबर २०२४

रुद्रेश,

तू आला नाहीस. पोया कुत्र्याने खाल्ल्या.

काय झालं ते तुझा वकील कळवीलच, पण तो तुझ्या कामाचं तेवढंच कळवील. म्हणून मी लिहिते.

लहानशी खोली होती, वर पंखा. सगुण इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, काळा चष्मा लावून. एका बाजूला विनिता, दुसऱ्या बाजूला तनया. वाळवी लागलेलं पुस्तक तनयाने पिशवीत आणलं होतं. मी शेवटच्या खुर्चीवर बसले.

कंपनीच्या वकिलाने फार त्रास दिला नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच विचारलं, "फलक वाचला असं तुम्ही आता म्हणता. त्याला पुरावा काय?" खरंच काय पुरावा असणार? ज्याचे डोळे गेले त्याने आपण तेव्हा वाचलं होतं हे दाखवायचं कसं? अधिकारी जरा वेळ कागद चाळत राहिले. मग सगुण उभा राहिला आणि कुणी न विचारता सांगायला लागला.

"धवो कागद. निळी शाय. वयर क्ष, तेका काना, मगे र. सकयल बारीक सावधान, तेतूरल्या 'व'ची शाय पाण्यान फुटलेली. कागदाचो उजवो कोन सुटलेलो, मी आंगठ्यान दाबून बसयलंय."

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडचा चिठ्ठीचा फोटो काढला. नऊ जुलैला दुपारी पंचनाम्यात घेतलेला. सगुणने तो पाहिलेला असणं शक्यच नव्हतं. 'व'ची शाई फुटलेली होती आणि उजव्या कोपऱ्यावर ओल्या मोज्याचा डाग होता.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "क्षार म्हणजे तुम्हाला काय वाटलं?"

"मीठ."

"कशावरून?"

"बाईंनी शिकयलां. ह्यो बसल्यात." आवाजावरून नाही, कशावरून तरी त्याने बरोबर माझ्याकडे तोंड केलं. "पयलां मी चुकीचां लिवलेलंय. नववीच्या परीक्षेत. क्षार म्हणजे खार, पापडात घालतत तो, जिभेक लागलो तर भाजता. आमची आये असांच म्हणी. बाईंनी शून्य दिल्यानी नि वर्गात वाचून दाखयल्यानी. मगे शंभर खेपे लिवन घेतल्यानी, क्षार म्हणजे मीठ, क्षार म्हणजे मीठ. तेच्या उपरांत मी कदी चुकूक नाय."

तो हे माझ्या कौतुकानेच सांगत होता, रुद्रेश. बाईंनी मला नीट शिकवलं, हे त्याला त्या खोलीत सिद्ध करायचं होतं. मला ती परीक्षा आठवली. पापडखार खराच जळजळीत. त्याच्या आईचा अर्थ हिंदीवाल्यांच्या अर्थाला जवळचा होता. त्याने तो तसाच डोक्यात ठेवला असता तर नऊ जुलैला त्याने चष्मा काढला नसता. माझ्या सगळ्या नोकरीत त्या मुलाला मी एक गोष्ट पक्की शिकवू शकले, आणि ती ही.

मग मी उठले. फोनचं सांगितलं. तारीख, वेळ, सार, सगळं. 'आपलो सगुण वाचीत नि आमटीत घालीत', हे वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं, कारण अधिकाऱ्यांनी नेमके शब्द मागितले. लेखनिकाने ते दोनदा विचारून लिहून घेतलं. निळी वहीही दिली. त्यांनी क्षाराचं पान बघितलं आणि वरची तारीख वाचली, जून एकोणीसशे त्र्याण्णव.

जबाबातला 'न' त्यांनी तिथेच खोडला नाही, तसं करता येत नाही म्हणे. पण कामकाजात लिहून घेतलं की कामगाराने फलक वाचून ड्रम उघडला. ते वाक्य तनयाने मागून घेऊन मोठ्याने वाचलं. 'वाचून'पाशी सगुणने नेहमीसारखा हात वर केला आणि थांबवलं, आणि तिला पुन्हा वाचायला सांगितलं. तुला आता बोलावणं येईल. या वेळी टाइप करून चालणार नाही.

बाहेर व्हरांड्यात बाक होतं. विनिता रिक्षा बघायला गेली. मी त्याच्या शेजारी बसले.

"बाई," तो म्हणाला, "आमटीचां तुमी खरांच म्हटल्यात?"

"होय."

"माजा नाव घेवन?"

"होय."

"नि हसल्यात?"

मी होय म्हटलं. तनया दुसरीकडे बघत होती. सगुणने मान हलवली, वर्गात उत्तर ऐकून समजल्यासारखी हलवायचा तशीच. थोड्या वेळाने माझी बस आली म्हणून मी उठले, जाते रे म्हटलं. तो बसूनच राहिला.

सत्यवती